गोंडवनाचे नाव

पृथ्वीच्या पाठीवर कोट्यवधी वर्षांपूर्वी जी भूखंडे होऊन गेली, त्यांचे बारसे गेल्या दीडशे वर्षांत भूवैज्ञानिकांनी केले. ही नावे बहुधा अभ्यासिकेत, कोश समोर ठेवून घडवलेली आहेत. ‘पॅन्जिया’ हे आल्फ्रेड वेगेनरच्या लेखनातून रूढ झालेले नाव ग्रीक शब्दांचे आहे. त्याचा अर्थ ‘सगळी भूमी’. ‘लॉरेशिया’ हे लॉरेन्शिया आणि आशिया या दोन शब्दांना जोडून केलेले. ‘रोडिनिया’ हे जन्म देणे या अर्थाच्या रशियन धातूवरून आले. लुप्त झालेल्या ‘टेथिस’ समुद्राला एका ग्रीक देवतेचे नाव मिळाले. या मालिकेत एक नाव मात्र वेगळे उठून दिसते. ते कोशातले नाही आणि पुराणातलेही नाही. ते आजही नांदत असलेल्या, शेती करणाऱ्या, जत्रेला जाणाऱ्या माणसांच्या एका मोठ्या समाजाचे नाव आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारतीय द्वीपकल्प, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ही सारी भूमी जेव्हा एकसंध होती, त्या महाखंडाला जग ‘गोंडवन’ किंवा ‘गोंडवाना’ म्हणून ओळखते.

केप टाउनच्या किंवा ब्युनॉस आयर्सच्या विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी हा शब्द रोज असतो. चांदा, मंडला, छिंदवाडा ही नावे त्याने ऐकलेली असतीलच असे नाही. त्याच्या दृष्टीने गोंडवाना हा तीस कोटी वर्षांपूर्वीचा एक देश आहे. त्या देशाला हे नाव कोणी दिले, कशासाठी दिले, आणि ज्यांचे नाव घेतले त्यांना त्यातून काय मिळाले, हे प्रश्न भूविज्ञानाच्या पुस्तकात सहसा येत नाहीत. ते इतिहासाचे प्रश्न आहेत, आणि त्यांचा निवाडा इतिहासानेच करावयास हवा.

आरंभ शब्दाच्या अर्थापासून करू. ‘गोंडवन’ हा शब्द वरवर पाहता सरळ दिसतो : गोंडांचे वन ते गोंडवन. परंतु या समासाची दोन्ही पदे तपासून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. यांतील एकही पद गोंडांच्या स्वतःच्या भाषेतून आलेले नाही. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. ‘वन’ हा संस्कृत शब्द. राहिला ‘गोंड’. हे नावदेखील शेजाऱ्यांनी दिलेले आहे. हे लोक स्वतःला ‘कोयतूर’ किंवा ‘कोय’ म्हणवतात. ‘गोंड’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तो तेलुगूतील ‘कोंड’ म्हणजे डोंगर या शब्दाशी जोडला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना तो ‘गौड’ या प्राचीन देशनामाशी संबंधित वाटला. पहिला तर्क अधिक मनाला पटतो, कारण डोंगरातल्या माणसाला सपाटीवरच्या माणसाने ‘डोंगरी’ म्हणावे ही जगभरची रीत आहे. आपल्याकडेही वैनगंगेच्या खोऱ्यातल्या दाट अरण्याच्या मुलुखाला ‘झाडी’ म्हटले गेले आणि तेथल्या बोलीला व नाटकाला ‘झाडीपट्टी’चे म्हणण्याचा प्रघात पडला. बाहेरून पाहणाऱ्याला आधी झाडे दिसतात, माणसे मागाहून.

दुसऱ्या पदाविषयीही थोडा विचार करावा लागतो. मराठीत आपण ‘गोंडवन’ असे लिहितो, हिंदीत ‘गोंडवाना’ असे रूप आहे आणि युरोपीय लेखकांनी हेच दुसरे रूप उचलले. काहींना ‘गोंडवाना’तील शेवटचा अवयव ‘राजपुताना’तल्यासारखा प्रदेशवाचक वाटतो, मग अर्थ ‘गोंडांचा मुलूख’ एवढाच उरतो. बहुसंख्य अभ्यासकांनी मात्र ‘वन’ हेच मूळ मानले आहे. कोणताही पक्ष घेतला तरी शब्दात भूमीचा अर्थ अगोदरच आलेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

तो मुलूख म्हणजे केवळ अरण्य होते, अशी समजूत करून घेणे चूक ठरेल. मध्ययुगात गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा अशी गोंडांची चार प्रमुख राज्ये होती. अबुल फझलने गढा-कटंगा राज्याची हकीकत सांगताना तो गोंडांचा देश असल्याची नोंद केली आहे. याच राज्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना धारातीर्थी पडली. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नागपूर शहर वसवले. चांद्याच्या राजांनी बांधलेला परकोट आजही त्या शहराला वेढून उभा आहे, आणि बल्लारपूर या गावाच्या नावात तेथल्या बल्लाळशाही राजांची आठवण टिकून आहे. म्हणजे ज्याला आपण गोंडवन म्हणतो तेथे किल्ले होते, तलाव होते, पेठा होत्या आणि राजवंशांची अनेक शतकांची परंपरा होती.

या राज्यांचा अस्त करण्यात मराठ्यांचा वाटा मोठा आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये. पहिल्या रघूजी भोसल्यांनी देवगडच्या वारसांतील भांडणाचा लाभ घेऊन नागपूरवर आपला अंमल बसवला आणि १७५१ मध्ये चांद्याचे राज्य घेतले. १७८१ मध्ये मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये ‘मध्य प्रांत’ नावाचा नवा प्रांत निर्माण केला. या क्षणी गोंडवन हे नाव राज्यकारभारातून गेले. ‘मध्य प्रांत’ हे नाव कोणत्याही माणसांचे नाही, कोणत्याही नदीचे नाही. ते नकाशावर पट्टी ठेवून काढलेले नाव आहे. मुलूख तोच राहिला, लोक तेच राहिले, फक्त त्यांचे नाव दप्तरात उरले नाही.

नेमक्या याच काळात हे नाव दुसऱ्या एका दप्तरात शिरण्याच्या तयारीत होते. ही गोष्ट ज्यांच्यापासून सांगावी लागते ते गृहस्थ म्हणजे वर उल्लेखिलेले हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने ते १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मप्रसार हे त्यांचे काम. पण त्यांचे लक्ष पायाखालच्या दगडांकडेही होते आणि भोवतालच्या माणसांकडेही. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडकांची पाहणी केली. कामठीजवळच्या सिलेवाडा येथील वालुकाश्मात त्यांना पानांचे सुबक ठसे सापडले. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथून मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी त्यांच्यामार्फत लंडनला पोहोचली आणि रिचर्ड ओवेन या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. नागपूरच्या वनस्पती-जीवाश्मांवर चार्ल्स बनबरी यांचा निबंध १८६१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात आला.

हेच हिस्लॉप गोंडांच्या वस्त्यांत जाऊन बसत. गोंडांची वंशावळ आणि देवकथा गाऊन जतन करणारे परधान असतात. अशा परधानाच्या तोंडून त्यांनी लिंगोचे प्रदीर्घ आख्यान मूळ गोंडीत उतरवून घेतले. लिंगो हा कोयतूरांचा आद्य मार्गदर्शक. आख्यानात असे आहे की महादेवाने गोंडांना एका गुहेत कोंडून तिच्या तोंडावर प्रचंड शिळा लावली. लिंगोने खटपट करून ती शिळा दूर केली, कोंडलेल्यांना बाहेर काढले, आणि त्यांची कुळे लावून देऊन त्यांना नावे दिली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. त्यांचे गोंडांविषयीचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापले. नागपुरातले महाविद्यालय पुढे त्यांच्या नावाने निघाले.

हिस्लॉप यांच्या टेबलावर दगडातली पाने आणि गोंडांची कथा शेजारी शेजारी होती. त्यांच्यानंतर ही दोन्ही टिपणे वेगवेगळ्या वाटांनी गेली. कथा मानववंशशास्त्राच्या कपाटात गेली, पाने भूविज्ञानाच्या. पुढे जो शब्द जगभर गेला तो पानांबरोबर गेला.

पानांची वाट कोळशाने आखली होती. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या हाती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची सूत्रे आली, त्यामागे ईस्ट इंडिया कंपनीची निकड कोळशाची होती. आगबोटींना कोळसा हवा होता, आणि दोनच वर्षांत सुरू होणाऱ्या आगगाडीला तर तो हवाच होता. दामोदर, सोन, महानदी, नर्मदा, वर्धा, गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत सर्वेक्षणाची माणसे हिंडली. त्यांना सर्वत्र एका घराण्यातले वाटावेत असे थर सापडत गेले : तळाशी गोलाश्म आणि हिरवट शेल, वर कोळशाचे पट्टे, त्यांच्याही वर लालसर वालुकाश्म. भूवैज्ञानिकांच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक थराला तो जेथे प्रथम नीट पाहिला त्या जागेचे नाव मिळाले. तालचेर, बराकर, राणीगंज, पंचेत, महादेव, कामठी, कोटा, मालेरी ही खेड्यांची, नद्यांची आणि डोंगरांची नावे अशा रीतीने शास्त्राच्या परिभाषेत आली. यांतले महादेव म्हणजे पचमढीचे डोंगर, कामठी नागपूरशेजारची, आणि कोटा प्राणहिताकाठी सिरोंचाजवळचे.

तळाचा थर सर्वांत चमत्कारिक निघाला. १८५६ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू व विल्यम थिओबाल्ड यांनी ओरिसातील तालचेर येथील गोलाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. मऊ चिखलात मोठमोठे धोंडे विखुरलेले होते. पाण्याच्या प्रवाहाने आणलेले दगड असे मांडलेले नसतात. हे काम बर्फाचे असावे, असे मत त्यांनी नोंदवले. ओरिसाच्या उन्हात बर्फाची गोष्ट कोणाला सहज पटणारी नव्हती. पुरावा मिळाला तो आपल्या चांदा जिल्ह्यात. चांद्याजवळ इरई येथे पैनगंगेच्या परिसरात तालचेर थराखालचा चुनखडक फ्रान्सिस फेडन यांना घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखड्यांनी भरलेला आढळला. सरकत्या बर्फात अडकलेले दगड तळाच्या खडकावर असेच ओरखडे काढतात. फेडन यांनी ही हकीकत १८७५ मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात दिली. विदर्भाच्या वैशाख वणव्यात तापणाऱ्या त्या फरशीवर एके काळी बर्फाचे ओझे सरकत होते, ही गोष्ट आज निर्विवाद मानली जाते.

या सर्व थरांना मिळून एक नाव हवे होते. ते सुचले हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट यांना. आयर्लंडमध्ये जन्मलेले मेडलिकॉट रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवून नंतर पूर्णवेळ सर्वेक्षणात आले होते आणि सातपुड्यातील कोळशाच्या खोऱ्याचा त्यांनी अभ्यास केला होता. १८७२ मधील एका हस्तलिखित अहवालात त्यांनी ‘गोंडवाना’ हा शब्द वापरला. हे थर मुख्यतः जेथे उघडे पडले आहेत तो प्रदेश गोंडांच्या जुन्या राज्यांचा, म्हणून हे नाव. छापील लेखनात ते प्रथम आले ऑटोकर फाइस्टमॅन्टेल यांच्याकडून, १८७६ मध्ये. फाइस्टमॅन्टेल हे बोहेमियातून कलकत्त्यास आलेले वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक. गोंडवनी संघाच्या वनस्पतींवरील त्यांचे विस्तृत ग्रंथ १८७९ पासून निघू लागले. त्याच वर्षी मेडलिकॉट आणि विल्यम ब्लॅनफर्ड यांचा भारताच्या भूविज्ञानावरील प्रमाणग्रंथ आला आणि नाव पक्के झाले.

येथे दोन सनांकडे एकत्र पाहावे. राज्यकारभारातून गोंडवन गेले १८६१ मध्ये. भूविज्ञानात आले १८७२ मध्ये. मधले अंतर अवघे अकरा वर्षांचे. ज्या सरकारने मुलखाचे नाव पुसले, त्याच सरकारच्या एका खात्याने ते मुलखाखालच्या दगडांना दिले. यात कोणाचा कट होता असे नाही. मेडलिकॉट यांनी तर एका अर्थी उपकारच केला, कारण एरवी विस्मृतीत जाऊ पाहणारा शब्द त्यांनी उचलून धरला. परंतु त्या शब्दातली माणसे यावेळी मागे राहिली. गोंडवन हे तोपर्यंत राहण्याचे ठिकाण होते. आता ती खणण्याची वस्तू झाली.

नावाची पुढची झेप व्हिएन्नाहून घेतली गेली. तिचे कारण पुन्हा एक पान. १८२८ मध्ये पॅरिसच्या आदोल्फ ब्रॉन्यार याने भारतातून आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या जीवाश्मांवरून एका वनस्पतीचे नामकरण केले होते : ‘ग्लॉसॉप्टेरिस’, म्हणजे जिभेच्या आकाराचे नेचे. ती नेचे नसून बीजधारी वृक्ष होती हे पुढे सिद्ध झाले. पण जिभेसारखे पान हे तिचे लक्षण अचूक होते. हीच पाने राणीगंजला सापडत, सिलेवाड्याला सापडत, दक्षिण आफ्रिकेत सापडत आणि ऑस्ट्रेलियातही सापडत. एवढे समुद्र ओलांडून एकच रान सर्वत्र कसे पसरले? हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८७५ मध्ये हिंदी महासागराच्या जागी पूर्वी एक खंड असावा असे प्रतिपादन केले. त्याआधी १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने लेमूर या माकडसदृश प्राण्यांच्या प्रसाराचा उलगडा करण्यासाठी ‘लेमुरिया’ या बुडालेल्या खंडाची कल्पना मांडली होती. लेमुरियाचे पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे; तो गूढवाद्यांच्या आणि अस्मितांच्या हाती सापडला.

व्हिएन्ना विद्यापीठातील एडुआर्ड झ्यूस यांनी ‘पृथ्वीचा चेहरा’ या आपल्या महाग्रंथाच्या १८८५ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या खंडात आफ्रिकेचा मध्य व दक्षिण भाग, मादागास्कर आणि भारतीय द्वीपकल्प हे एका प्राचीन भूमीचे अवशेष आहेत असे म्हटले. या सर्व भागांत समान असलेल्या गोंडवनी वनस्पतींवरून त्यांनी त्या भूमीस ‘गोंडवाना-लँड’ असे नाव दिले. त्यांच्या मते मधली भूमी खचून समुद्रात बुडाली होती. खंड सरकतात ही कल्पना त्यांच्यासमोर नव्हती. पुढे दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांची भर पडून आजचे महाखंड पूर्ण झाले.

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. गोंडवन या शब्दातच वन किंवा मुलूख आहे. मग त्याला पुन्हा ‘लँड’ जोडणे ही द्विरुक्ती नव्हे काय? आपण सहज ‘विंध्याचल पर्वत’ म्हणतो आणि ‘अचल’ म्हणजेच पर्वत हे विसरतो, त्यातलाच हा प्रकार. विसाव्या शतकात अनेक भूवैज्ञानिकांनी ही चूक दाखवून दिली आणि केवळ ‘गोंडवाना’ म्हणावे असा आग्रह धरला; आज तेच रूप अधिक चालते. तथापि झ्यूस यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगता येते. ते गोंडांच्या देशाविषयी बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ‘गोंडवाना’ हे वनस्पतींचे आणि खडकांचे विशेषण झाले होते. ‘ज्या भूमीवर गोंडवनी वनस्पती वाढल्या ती भूमी’ असा त्यांचा अर्थ. नाव सातपुड्यातले राहिले असते तर ‘लँड’ची गरज नव्हती. गरज पडली याचाच अर्थ शब्द आपल्या घरापासून पुरता सुटला होता. व्याकरणाची म्हणून जी चूक दाखवली जाते, ती खरे तर या प्रवासाची खूण आहे.

पुढचा इतिहास सुपरिचित आहे. वेगेनरने १९१२ मध्ये खंडांच्या परिवहनाची कल्पना मांडली आणि भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथील बर्फाच्या खुणा तिच्या पुष्ट्यर्थ पुढे केल्या; इरईच्या ओरखड्यांना त्यामुळे जगाच्या नकाशात जागा मिळाली. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवाहून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्याच्या सोबत्यांनी बिअर्डमोर हिमनदीजवळ काही दगड गोळा केले. उपासमार आणि थंडी यांनी ग्रासलेले असतानाही सुमारे सोळा किलोंचे ते ओझे त्यांनी टाकले नाही. त्यांच्या मृतदेहांजवळ ते मिळाले, आणि १९१४ मध्ये त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने ओळखली गेली. दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर डू टॉइट यांनी १९३७ मध्ये दक्षिण गोलार्धातील खडकांची सविस्तर तुलना ग्रंथरूपाने मांडली. १९६० च्या दशकात भूपट्ट सांरचनिकीचा सिद्धांत उभा राहिल्यावर शंका उरली नाही. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी हे महाखंड फुटू लागले. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. हिमालय त्या धडकेतून उभा राहिला.

नाव असे मोठे होत गेले : एका समाजाचे, मग त्याच्या मुलखाचे, मग मुलखाखालच्या दगडांचे, मग दगडांतल्या पानांचे, आणि शेवटी अर्ध्या पृथ्वीचे. या चढत्या भाजणीत समाज मात्र दर पायरीला लहान होत गेला. हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. ‘गोंडांचे वन’ हा अर्थ घेतला तर या मुलखात दोन वने आहेत. एक जमिनीवरचे, साग-साल-मोहाचे, ज्याच्या आधाराने कोयतूर जगत आले; आणि दुसरे जमिनीखालचे, ग्लॉसॉप्टेरिसच्या झाडांचे, जे दबून कोळसा झाले. भारतातील कोळशाचा जवळजवळ सर्व साठा या दुसऱ्या वनातला आहे. खालचे वन काढावयाचे तर वरचे तोडावे लागते. वर्धेच्या खोऱ्यात चंद्रपूर परिसरातील उघड्या खाणी हेच सांगतात. छत्तीसगडमधील हसदेव अरण्यातील ग्रामस्थ २०२१ च्या ऑक्टोबरात खाणींना विरोध करीत रायपूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर चालत गेले, त्यांचेही म्हणणे हेच होते. आणि त्यांत गोंड मोठ्या संख्येने होते. गोंडवनी कोळसा आणि गोंडांचे वन यांतले एकच राहू शकते, असा हा पेच आहे, आणि दोहोंच्या नावांत शब्द मात्र एकच.

तरीही या नावाची कहाणी केवळ गमावण्याची नाही. ज्यांना ते बाहेरून दिले गेले त्यांनी ते आपले म्हणून उचलले आहे. स्वतंत्र गोंडवाना राज्याची मागणी स्वातंत्र्यानंतर वारंवार झाली; १९९१ मध्ये या नावाचा राजकीय पक्ष स्थापन झाला. गडचिरोलीला २०११ मध्ये जे विद्यापीठ सुरू झाले त्याचे नाव गोंडवाना विद्यापीठ. त्याच वर्षीच्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे एकोणतीस लाख ऐंशी हजार होती. ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. परंतु बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी रचलेली लिपी २०१७ मध्ये, आणि गुंजाळा येथील हस्तलिखितांतून पुढे आलेली दुसरी लिपी २०१८ मध्ये, संगणकाच्या जागतिक लिपिसंचात दाखल झाली. नाव जगभर गेल्याला शतकाहून अधिक काळ लोटल्यावर भाषा त्याच्या मागोमाग निघाली आहे.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड येथे डोंगरात एक विशाल गुहा आहे. लिंगोने शिळा हटवून आपल्या पूर्वजांना सोडवले ती हीच गुहा, अशी कोयतूरांची श्रद्धा. माघी पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा येथून माणसे तेथे येतात. परक्यांनी दिलेल्या नावाचा इतिहास आपण येथवर पाहिला. त्या यात्रेत जे आठवले जाते ते दुसरे नामकरण आहे : अंधारातून बाहेर आलेल्या माणसांना लिंगोने एकेक करून दिलेली कुळांची नावे. हिस्लॉप यांनी पानांच्या ठशांशेजारी तीही लिहून ठेवली होती. ती मात्र कोणत्याही खंडाला दिली गेली नाहीत, आणि म्हणून अजून ज्यांची होती त्यांचीच आहेत.